‘त्याला काही होत नाही, मग मला काय होणार?’

ताई,

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. कॉलेज, जिम आणि मोबाइल, एवढंच त्याचं जग. एका नटाचा तो कट्टर फॅन आहे. त्या नटाचा स्वतःचा व्हिस्कीचा ब्रँड आहे आणि रीलमध्ये तो सारखा ग्लास हातात घेऊन दिसतो. गेले काही महिने भाऊही दर शनिवारी मित्रांबरोबर प्यायला लागलाय. मी बोलले की म्हणतो, “तो पन्नाशीला आलाय, पितो, तरी बॉडी बघ त्याची. आणि मला तर चढतही नाही.” मागच्या शनिवारी मित्रांनी त्याला अक्षरशः उचलून घरी आणलं. आईबाबांना यातलं काही माहीत नाही. मी स्वतः महिन्यातून दोनतीनदा वाइन घेते. मग मला त्याला बोलायचा हक्क तरी आहे का?

– धास्तावलेली बहीण

तुझं पत्र वाचून मी आधी मागच्या शनिवारापाशीच थांबले. बाकीचं सगळं नंतर बोलता येईल, पण तिथे जीव जाऊ शकतो. तो पुन्हा तसा घरी आला, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून खोलीचं दार लोटून घेऊ नकोस. पोटात असलेली दारू झोपेतही रक्तात उतरत राहते, म्हणजे पिणं थांबल्यावरही नशा वाढू शकते. त्याला कुशीवर झोपव. उताणा झोपलेल्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. त्याच्याजवळ बसून राहा. हाका मारून, हलवून जाग येत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, अंग गार किंवा निळसर पडलं असेल, झटके येत असतील, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठ. घरी काय म्हणतील याचा विचार त्या वेळी करायचा नाही. कॉफी पाजून किंवा थंड पाण्याने अंघोळ घालून काहीही होत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करतं, साधारण तासाला एक लहान पेग.

गायिका एमी वाइनहाउस २०११ साली अशीच गेली, अवघ्या २७व्या वर्षी. मधले काही दिवस तिने दारू सोडली होती, मग पुन्हा प्यायली. रक्तात १०० मिलिलीटरमागे ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं. तिच्या देशात गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ८० आहे.

आता ‘मला चढत नाही’बद्दल. तुझ्या भावाला यात मर्दुमकी वाटते, मला मात्र पत्रातलं हेच वाक्य सगळ्यात जास्त खटकलं. ज्यांना सुरुवातीपासून कमी चढते, त्यांना पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त असतो, हे वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासांत दिसून आलंय. ‘आता बास’ असं आतून कोणी सांगतच नाही, म्हणून इतरांपेक्षा दोन पेग जास्त जातात. त्यात वय १९. स्वतःला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. नेमक्या त्याच वर्षांत तो दर शनिवारी हा मारा सोसतोय.

त्या नटाला मात्र नावं ठेवू नकोस. आपल्या लाडक्या माणसाबद्दल वाईट ऐकलं की कोणीही त्याचीच बाजू घेतो. त्याऐवजी त्याला धंदा समजावून सांग. जॉर्ज क्लूनीने दोन मित्रांबरोबर २०१३ साली टकिलाचा ब्रँड काढला आणि २०१७ साली तो डियाजिओ या बड्या मद्यकंपनीला विकला. सौदा होता १ अब्ज डॉलरपर्यंतचा. रायन रेनॉल्ड्सशी जोडलेला जिनचा ब्रँडही २०२० साली त्याच कंपनीने ६१ कोटी डॉलरपर्यंतच्या किमतीला घेतला. रीलमधला ग्लास ही दुकानावरची पाटी आहे. त्यात खरोखर काय आहे, तो नट कॅमेरा बंद झाल्यावर किती पितो, पितो की नाही, हे तुझ्या भावाला कुठून कळणार? दारूच्या जाहिराती आणि पडद्यावरचं पिणं जितकं जास्त डोळ्यांसमोर येतं, तितकी मुलं लवकर प्यायला लागतात आणि जास्त पितात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. त्या रील उगाच बनत नाहीत.

आणि बॉडी? ती ट्रेनर, आहार आणि झोप यांच्या जोरावर कमावलेली असते. २०१४ साली काही तरुणांवर एक प्रयोग झाला. व्यायामानंतर भरपूर दारू घेतली, तर सोबत प्रोटीन घेऊनही स्नायू भरून येण्याचं काम जवळजवळ पाव हिश्शाने मंदावलं. प्रयोग लहान होता आणि दारू खूप होती, पण तुझा भाऊ शनिवारी तशीच पितोय. जिमला जाणाऱ्या मुलाला यकृताच्या फोटोंपेक्षा ही गोष्ट जास्त लागेल.

स्पायडरमॅन झालेल्या टॉम हॉलंडने २०२२च्या जानेवारीत एक महिना दारू सोडून पाहिली. महिनाभर सतत दारूचेच विचार येतात, हे लक्षात आल्यावर तो धास्तावला आणि पुढे त्याने ती सोडलीच. हे भावाला जरूर सांग, पण एका नटाच्या जागी दुसरा नट बसवू नकोस. हॉलंडही आता बिनअल्कोहोलची बिअर विकतो.

तुझ्या वाइनचं सरळच सांगते. दारूचं शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींमधल्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच दारूला तंबाखूच्या पंगतीत बसवलंय. वाइन, बिअर, व्हिस्की, सगळ्यांत अल्कोहोल तेच. स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोड्या पिण्यानेही वाढतो. महिन्याला दोनतीन ग्लास आणि दर शनिवारी शुद्ध हरपेपर्यंत पिणं यांत फार मोठं अंतर आहे, तरी तू हे जाणून घ्यावंस असं मला वाटतं. बोलायचा हक्क तुला आहेच. उलट ‘मीही माझी वाइन बंद करून बघते, तूही शनिवार सोडून बघ’ असं म्हणालीस, तर ते उपदेशासारखं वाटणार नाही. दोन महिने ठरवा. तेवढंही त्याला जमलं नाही, तर आईबाबांना सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं, हे त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेव. कधी पिणं रोजचं झालं आणि सकाळी हात थरथरू लागले, घाम फुटू लागला, तर मात्र घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नकोस. त्यात झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

आजच त्याच्याशी बोल, तो शुद्धीत असताना, दोघंच असताना. त्याला सांग, रात्री कितीही वाजले तरी फोन कर, मी न्यायला येईन आणि त्या रात्री एक शब्दही बोलणार नाही. हा शब्द पाळ. काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, त्याचं पोटभर जेवण झाल्यावर.