मेलेलं माकड कुणाच्या खात्याचं?

प्रश्न : बांद्याजवळ आमची काजूची बाग आहे. मार्चमध्ये बागेच्या कडेला माकड मरून पडलेलं दिसलं. वनखात्याकडं गेलो, त्यांनी आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथून गुरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. तोवर गड्यांनी माकड पुरून टाकलं. पुण्यात एवढी मोठी विषाणू संस्था आहे, आता देशाचं 'वन हेल्थ मिशन'ही आहे असं वाचतो. त्याचा आमच्या बागेशी काही संबंध आहे का?
– एक बागायतदार, ता. सावंतवाडी

उत्तर : ज्या गड्यांनी माकड उचललं त्यांच्याबद्दल तुम्हाला फोनवर लगेच कळवलं होतं, पण इतर वाचकांसाठी पुन्हा लिहिते. अशी माकडं बऱ्याचदा माकडतापानं मरतात; गोचिडी चावून पसरणारा हा रोग माणसालाही होतो, त्याला क्यासनूर जंगलाचा ताप असंही म्हणतात. त्याचा विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो. तो एकदम चढतो, डोकं आणि अंग भयंकर दुखतं, उलट्या होतात, काहींना रक्तस्राव होतो. अशा वेळी डॉक्टरांना "बागेत माकड मेलं होतं" हे वाक्य आवर्जून सांगा. नेमकं औषध नाही; लवकर दाखल होणं हाच उपाय. लागण झालेल्या शंभरांत तीन ते पाच जण दगावतात.

मेलेल्या माकडाचं अंग गार पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि नवं अंग शोधतात. म्हणून हात लावायचा नाही, ओढायचं नाही. भोवती पन्नास फुटांपर्यंत मॅलेथिऑन ही कीटकनाशक पावडर टाकून घ्यायची. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात २०१२ मध्ये मेलेली माकडं तपासणाऱ्या आणि जाळणाऱ्या वन कर्मचाऱ्यांनाच हा ताप झाला होता.

आता तुमचा खरा प्रश्न. संबंध आहे, आणि तो तुमच्या बागेतूनच सुरू होतो. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाजवळ माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसंही. आधी पीतज्वराची (यलो फीव्हरची) भीती वाटली. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र तेव्हा पाच वर्षांचं होतं, आजची एनआयव्ही, म्हणजे तुम्ही म्हणता ती राष्ट्रीय विषाणू संस्था, ती हीच. तिथल्या लोकांनी माणसांचं रक्त, माकडांचे अवयव आणि जंगलातल्या गोचिडी, तिन्ही एकत्र तपासलं, म्हणून नवा विषाणू सापडला. यातलं एक जरी राहिलं असतं तरी साखळी जुळली नसती.

मी जन्मभर गुरांच्या दवाखान्यात काम केलं. त्या अनुभवावरून सांगते, आपलं घोडं नेमकं इथं अडतं. माणूस आरोग्य खात्याचा, गाय पशुसंवर्धनाची, माकड वनखात्याचं. गोचीड मात्र तिघांच्याही अंगावर बसते. रानात चरून आलेल्या गुरांबरोबर ती गोठ्यात येते, आणि गोठ्यात वाकून झाडणारी बहुधा घरातली बाई असते. माकडतापावर बोलताना गोठ्याचं नाव फार क्वचित निघतं, याचं मला फार वाईट वाटतं.

लशीचंही तसंच. कर्नाटकात जुनी लस वर्षानुवर्षं दिली गेली. २००५ ते २०१० च्या माहितीवरून दोन डोसांचं संरक्षण ६२ टक्क्यांच्या आसपास निघालं. पुढं ती बंद झाली. दरम्यान रोग वायनाडला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात पोचला. नव्या लशीवर आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स काम करत आहेत. रोग दोन-चार गरीब तालुक्यांचा होता तोवर घाई कुणाला नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

'वन हेल्थ मिशन' म्हणजे माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार; ते डझनभराहून अधिक खात्यांना एकत्र बांधू पाहतं. माणसांच्या आणि जनावरांच्या रोगांच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळांचं जाळं हा त्याचाच भाग, आणि त्याच्या नागपुरातल्या संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. मला ही योजना मनापासून हवी आहे. पण पुण्याची प्रयोगशाळा बर्फात आलेला नमुनाच तपासू शकते. तुमचं माकड पुरलं गेलं आणि त्या हंगामाची एक खूण कायमची गेली.

त्यामुळं पुढच्या डिसेंबरच्या आत ग्रामसभेत ठराव घ्या. गोचिडींचा जोर तेव्हापासून मेपर्यंत असतो. ठरावात तिन्ही खात्यांच्या एकेका माणसाचं नाव आणि फोन लिहून घ्या. पदनाम नको, नावच. मेलेलं माकड दिसलं की वनविभागाच्या १९२६ वर आणि या तिघांना एकाच वेळी कळवायचं. वन्यप्राणी असल्यानं वनखातं हजर हवं, नमुना पशुवैद्यकानं पूर्ण संरक्षक पोशाखात घ्यायचा, आणि त्याच दिवशी आरोग्यसेविकेनं आसपासच्या घरांत तापाची चौकशी करायची. शेवटची ओळ तुम्ही स्वतः घालून घ्या : तपासणीचा निकाल, काहीही असो, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. निकाल परत येत नाही म्हणूनच लोक दुसऱ्यांदा कळवत नाहीत.