चुनखडी की चुनखडक?

लोणी काळभोरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "विहीर खोदताना आमच्याकडे चुनखडी लागली. मुलीच्या पुस्तकात मात्र चुनखडी समुद्राच्या तळाशी तयार होते असं दिलंय. मग पुण्याला कधीकाळी समुद्र होता का?"

तुमच्या विहिरीतल्या चुनखडीचा समुद्राशी काही संबंध नाही. मराठीत एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू आल्या आहेत, म्हणून हा घोटाळा होतो.

पुस्तकातला तो खडक. उथळ, उबदार समुद्रात शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे कवचधारी जीव मरतात, त्यांची कवचं तळाशी साचतात, वरच्या थरांच्या भाराने दाबली जातात आणि लाखो वर्षांत त्यांचा दगड होतो. वणी-चंद्रपूरकडेही समुद्रात साचलेल्या चुन्याचा असा दगड आहे, फक्त तो कवचधारी जीवांच्याही आधीच्या काळातला. पुण्यातल्या जुन्या घरांत पायाखाली असते ती शहाबादी फरशीही त्याच जातीची. म्हणून तर तिच्यावर लिंबू सांडलं की तेवढी जागा निस्तेज होते.

आपल्या पायाखाली आहे तो काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातही कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि ते कॅल्शियम विरघळवून खाली नेतं. लोणी, दौंड, शिरूरकडे पाऊस कमी आणि ऊन कडक. पाणी उडून जातं, चुना मातीतच गोठतो. त्याचे सुपारीएवढे, कधी बटाट्याएवढे ओबडधोबड गोळे होतात. एखादा फोडून पाहा: आत करडा-पांढरा गर आणि त्यात अडकलेले मातीचे कण दिसतील. वर लिंबू पिळलंत तर बुडबुडे येतील.

मग नाव एकच का पडलं? माझ्या मते ते चुन्याच्या भट्टीवाल्यांनी, म्हणजे लोणाऱ्यांनी पाडलं. लोणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, भाजले की कळीचा चुना, त्यावर पाणी ओतलं की फसफसून विरलेला चुना. वस्तू कुठून आली यापेक्षा तिचं काय होतं, हे त्याला महत्त्वाचं. शिवाय मातीचा अंश असलेल्या गोळ्यांचा चुना ओलाव्यातही घट्ट धरतो, त्यामुळे बांधकामात त्याला मान होता. 'चुनेगच्ची' हा भारदस्त शब्द अशाच चुन्याच्या कामातून आला. खुद्द 'चुना' मात्र संस्कृत 'चूर्ण'चा वंशज.

चुनखडीतल्या 'खडी'वरून क्रशरची खडी मनात आणू नका. ही खडी पांढऱ्या मातीची, 'खडू'ची सोयरी.

मी स्वतः समुद्री दगडाला 'चुनखडक' लिहितो आणि 'चुनखडी' मातीतल्या गोळ्यांसाठी राखतो. मेघालयातल्या गुहा चुनखडकातल्या, तुमची विहीर चुनखडीतली. पुस्तकांनी शेवटच्या 'डी'चं एवढं 'डक' केलं असतं, तर तुमच्या मुलीला पुण्यात समुद्र शोधावा लागला नसता.