दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघात फ्लाय-हाफ कोण हवा: पोलार्ड, लिबॉक की साशा?

साशा. पण ८० मिनिटं सगळा भार त्याच्या एकट्यावर नको. शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी बाकावर पोलार्ड बसलेला हवा.

(हा मुंबई इंडियन्सचा पोलार्ड नव्हे, हान्द्रे पोलार्ड. माझ्या अमळनेरच्या साडूला एवढं पटवेपर्यंत अर्धा सामना संपला होता.)

मी भुसावळचा. ठिबकच्या कामानिमित्त दोन वर्षं डर्बनच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात काढली, तिथे हे वेड लागलं. परत आल्यापासून रग्बीवर बोलायला कोणी नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

ज्यांनी रग्बी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाय-हाफ म्हणजे १० नंबरची जर्सी. झटापटीतून बॉल सुटला की नऊ नंबरवाला तो याच्याकडे देतो. हाताने बॉल पुढे फेकायला बंदी आहे, म्हणून पास द्यायचा, लाथ मारून लांब धाडायचा की स्वतः घुसायचं, हे यानेच ठरवायचं. मुंबईहून आलेली गाडी भुसावळला नागपूरच्या लाइनीवर घ्यायची की खंडव्याच्या, हे केबिनवाला ठरवतो, तसंच. फक्त इथे शंभर-शंभर किलोचे गडी केबिनच पाडायला धावत येत असतात. शिवाय गोलवर किक मारायचं कामही बहुतेक वेळा याच्याच गळ्यात: पेनल्टीचे ३ गुण, ट्रायनंतरच्या किकचे (कन्व्हर्जनचे) २. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं.

सगळं भांडण आहे ते या किकवरून.

मानी लिबॉकच्या हातात जादू आहे. २०२३च्या विश्वचषकात स्कॉटलंडविरुद्ध त्याने दुसरीकडे बघत बॉल आडवा असा काही मारला की थेट कर्ट-ली अरेंड्झेच्या हातात, आणि ट्राय! पण त्याच स्पर्धेत आयर्लंडकडून १३-८ने हरलो, तेव्हा लिबॉक आणि नऊ नंबरवाला फाफ डी क्लर्क यांनी मिळून ११ गुणांच्या किका हुकवल्या होत्या. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध तर त्याला ३१व्या मिनिटालाच बाहेर काढलं. ते बघवत नव्हतं. २०२५मध्येही तेच: जोहान्सबर्गला २२-०ने पुढे असताना ऑस्ट्रेलियाकडून ३८-२२ने हार, दहा नंबर लिबॉक. महिनाभरात वेलिंग्टनला न्यूझीलंडला ४३-१० धुतलं, त्यांचा इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव, पण तिथे दहा नंबर साशा होता. आता लिबॉकवर पैज लावायची कशी, तुम्हीच सांगा.

पोलार्ड नेमका उलट. बघायला कंटाळवाणा म्हणा हवं तर. पण इंग्लंडविरुद्धच्या त्याच सामन्यात, पॅरिसच्या पावसात, ७७व्या मिनिटाला जवळजवळ पन्नास मीटरवरून पेनल्टी मारून १६-१५ केलं ते यानेच. अंतिम सामना १२-११, आणि बाराच्या बारा गुण याच्या बुटातून. २०१९च्या अंतिम सामन्यातले २२ तर वेगळेच. कबड्डीत 'डू ऑर डाय' रेडला सगळे ज्याच्याकडे बघतात, तो हा.

मग साशा फाइनबर्ग-मंगोमेझुलू कशाला? कारण तो पळतो. सप्टेंबर २०२५मध्ये डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने ३७ गुण केले: तीन ट्राय, आठ कन्व्हर्जन, दोन पेनल्टी. एका कसोटीत (म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यात) इतके गुण कुठल्याच दक्षिण आफ्रिकन खेळाडूने केले नव्हते. आधीचा विक्रम पर्सी माँटगोमेरीचा, ३५चा. साडू शेजारीच बसला होता. रग्बीचा ओ की ठो कळत नसताना म्हणाला, "भाऊ, हाऊ पोऱ्या भलता भारी शे!" फ्लाय-हाफ स्वतः घुसू शकतो ही भीती असली की समोरचा बचाव अर्ध्या पावलावर थबकतो, आणि तेवढ्यात बाजूच्याला वाट मिळते. पोलार्डसमोर कोणी असं थबकत नाही.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात. साशा सेंटरलाही (मैदानाच्या मध्यात) खेळतो, फुलबॅकलाही (सगळ्यात मागे). म्हणजे साठाव्या मिनिटाला पोलार्ड आला तर साशाला बाहेर काढायची गरजच नाही, त्याला मागे सरकवायचं. सामना अटीतटीचा असेल तर किका पोलार्डच्या, पळणं साशाचं.

अडचण आहे ती कोच रासी इरॅस्मसच्या बाकाची. आठ राखीव खेळाडूंमध्ये त्याला सहा-सात धिप्पाड फॉरवर्डच (पुढे झटापट करणारे गडी) हवे असतात. २०२३च्या अंतिम सामन्यात सात फॉरवर्ड आणि एकच बॅक (फ्लाय-हाफसारखा मागे खेळणारा) होता, त्यामुळे पोलार्डला पूर्ण ८० मिनिटं रेटावं लागलं. माझी योजना चालायची तर निदान सहा फॉरवर्ड-दोन बॅक असं हवं, आणि त्या दोनातली एक जागा पोलार्डची. सात-एक केलं तर ती एक जागा पोलार्डला द्यायची हिंमत रासीही करणार नाही.

२०२७चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे. तेव्हा साशा २५चा असेल, लिबॉक ३०चा आणि पोलार्ड ३३चा. वयाचं मला फार वाटत नाही, पोलार्डच्या पोटरीचं वाटतं. २०२३ला पोटरीमुळेच त्याला आधी संघात घेतलं नव्हतं. माल्कम मार्क्स हा हूकर (झटापटीत सगळ्यात पुढे असणारा फॉरवर्ड) गुडघा दुखावून घरी गेला, तेव्हा त्याच्या जागी याला बोलावलं. हूकरच्या जागी फ्लाय-हाफ! त्या दिवशी डर्बनच्या माझ्या जुन्या ग्रुपवर नुसत्या शिव्या पडत होत्या.