बर्फाळ देशांत रस्त्यावरचे पट्टे टिकावेत म्हणून काय करतात? तीच पद्धत कोकणात का वापरत नाहीत?

कारण इथे नेमकं उलटं करावं लागतं. मी चिपळूणकडे पट्टे मारण्याच्या कामावर सुपरवायझर आहे.

बर्फाळ मुलखात पट्ट्याचा शत्रू बर्फापेक्षा तो खरवडणारं गाडीचं पातं. रस्त्याच्या वर आलेलं जे असेल ते पातं सोलून नेतं. काही देशांत तर हिवाळ्यात टायरनाही खिळे असतात. म्हणून आधी उथळ चर कापतात नि पट्टा त्यात बसवतात. रिफ्लेक्टरही खाचेत, नाहीतर उतरत्या कडांच्या ओतीव लोखंडी घरात. पातं त्यावरून चढून उतरतं. बर्फाचा थर साचला की पट्टा कितीही चांगला असो, दिसायचा नाहीच. मग नॉर्वेत कडेला उंच काठ्या रोवतात, जपानच्या होक्काइदोत खांबावरून रस्त्याची कड दाखवणारे बाण टांगतात.

आता तोच चर परशुराम घाटात कापा. जूनमध्ये त्यात पाणी, वर तांबडी माती. रात्री पट्टा चमकतो तो त्यातल्या काचेच्या बारीक मण्यांमुळे. मणी साधारण अर्धे रुतलेले, अर्धे उघडे. हेडलाइटचा उजेड आत शिरून ड्रायव्हरकडे परततो. वर पाण्याचा पापुद्रा आला की उजेड पाण्यावरूनच पुढे घसरतो, पट्टा गायब. म्हणून आपल्याकडे पट्टा उंचसखल, ठिपक्याठिपक्यांचा हवा. पाणी मधून ओघळतं, माथे उघडे राहतात. पट्ट्याच्या मालात, म्हणजे तापवून ओततात त्या प्लास्टिकसारख्या मिश्रणात, खरखरीत खडीचूरही हवा, नाहीतर भिजलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर दुचाकी सटकलीच म्हणून समजा.

बाकी अर्धं नुकसान आपण हातानेच करतो. एका डिसेंबरात सकाळी रस्ता कोरडा दिसत होता. आमच्यातल्या एका जुन्या गड्याने हात फिरवला नि म्हणाला, "दव आसा, थांबा." वरून घाई होती, थांबलो नाही. दोनशे अंशांच्या आसपास तापलेला माल ओतला नि पट्टाभर साबणाच्या फेसासारखे बुडबुडे उठले. मे महिन्यात तोच पट्टा सुरीच्या टोकाने पापडासारखा निघत होता. काँक्रीटवर तर माल धरून ठेवणारा प्रायमर आधी न मारता माल ओतला की याहून लवकर निघतो, आणि फिकट काँक्रीटवर पांढरा पट्टा उठूनही दिसत नाही. दोन्ही बाजूंना काळी किनार दिली तर फरक पडतो, पण ती द्यायला कुणी सहसा तयार नसतं.

तुमच्या गावच्या वळणावर पट्टे मारायला कुणी आलं, तर आधी डोंगराकडचं गटार साफ करून घ्या. ते तुंबलं की जांभ्याची माती पहिल्याच पावसात पट्ट्यावर येते.