बेसचे स्वर सभागृहात का घुमतात?

प्रश्न : नोकरी सांभाळून मी हौसेने एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. घरी स्पष्ट वाटणारे स्वर कार्यक्रमात घुमून अस्पष्ट का होतात?

उत्तर : चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवल्यास सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर देते, आणि अशा लांब ध्वनिलहरी बंदिस्त सभागृहाच्या भिंतींवरून परतताना काही स्वर फुगवतात, तर काही गिळून टाकतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर कोपऱ्यात ठेवू नये आणि त्यावरील बेस (खालच्या स्वरांचे बटण) थोडा कमी करून मिड (मधल्या स्वरांचे बटण) किंचित वाढवावा. याहूनही महत्त्वाचे, आणि हौशी वादकांकडून फार वेळा राहून जाणारे, म्हणजे वाजवून झालेली तार हलक्या स्पर्शाने वेळीच थांबवणे आणि आपला आघात ड्रमवादकाच्या पायाने वाजवायच्या ड्रमशी तंतोतंत जुळवणे. तालमीला वेळ थोडाच मिळत असेल, तर त्यातला अर्धा तास फक्त ड्रमवादकासोबत वाजवावे.