कोणता नामा, कोणता रामदास?

सारख्या नावांच्या थोर माणसांबद्दल तुमच्या शंका कळवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. सगळ्यात जास्त पत्रं संतांच्या नावांवर आली, म्हणून या वेळी जागाही त्यांनाच जास्त गेली आहे.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या वहीत काही अभंगांच्या शेवटी ‘नामा म्हणे’ येतं, तर काहींच्या शेवटी ‘विष्णुदास नामा’. हे दोन्ही आपल्या नरसीचेच नामदेव ना? (हिंगोली)

उत्तर : सगळे नाहीत. नरसीच्या नामदेवांचा जन्म परंपरेने शके ११९२ चा, म्हणजे इ.स. १२७० चा. समाधी शके १२७२, इ.स. १३५०. ‘विष्णुदास नामा’ म्हणून ओळखला जाणारा दुसरा कवी एकनाथांच्या काळातला, सोळाव्या शतकातला. महाभारताची पर्वं त्याने मराठी ओवीत आणली. गाथा छापल्या गेल्या तेव्हा दोघांच्या रचना एकाच ‘नामदेवांच्या गाथे’त शिरल्या, आणि तिथून त्या वह्यांमध्ये उतरल्या.

आता वेगळ्या कशा काढायच्या? नुसत्या मुद्रेवर, म्हणजे शेवटी येणाऱ्या कवीच्या नावावर, जाल तर फसाल. विष्णुदास म्हणजे विष्णूचा दास. पहिले नामदेवही स्वतःला तसं म्हणवून घेतात. त्यामुळे ‘विष्णुदास नामा’ दिसला की दुसरा, हा हिशेब चुकतो. त्यापेक्षा आधी अभंगात कोणाकोणाची नावं आली आहेत ते पाहा. कबीर पंधराव्या शतकातले. त्यांचं नाव ज्या अभंगात आहे तो १३५० मध्ये समाधिस्थ झालेल्या नामदेवांचा असूच शकत नाही. ही कसोटी सगळ्यात पक्की. त्यानंतर भाषा पाहा. फारसी शब्दांची दाटी असेल तर रचना उशिराची असण्याचा संभव जास्त. मात्र एखाद्‌दुसऱ्या शब्दावरून निकाल देऊ नका, कारण उतरवून घेणारे आपल्या काळाचे शब्द सहज घुसवतात. तिसरी गोष्ट प्रकाराची : लांबलचक आख्यान ओवीत असेल तर संशय दुसऱ्या नाम्यावर घ्यावा.

गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्या ग्रंथाचं पहिलं संकलन १६०४ चं, म्हणजे ती पदं आपल्या छापील गाथांच्या कितीतरी आधी लिहून ठेवली गेली. वहीतल्या ज्या अभंगाचा निकाल लागत नाही त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा आणि खुशाल म्हणा. टाळ काही मुद्रा विचारत नाही.

जाता जाता एक. ‘जनी’ दिसली की गंगाखेडची जनाबाई, हेही दर वेळी खरं नसतं. जनार्दनस्वामींच्या शिष्यांत ‘एका जनार्दनी’ मुद्रेचे एकनाथ आहेत, तसे ‘रामा जनार्दन’ आणि ‘जनी जनार्दन’ही आहेत. यातले जनी जनार्दन पुरुष. रोज म्हटली जाणारी ज्ञानराजांची आरती रामा जनार्दनांची आहे. शेवटचं कडवं नीट ऐका, मुद्रा तिथेच आहे.

प्रश्न : गुरुद्वाऱ्यात गुरू रामदासांचं नाव ऐकलं. ते आणि जांबचे समर्थ रामदास एकच का? आणि समर्थांच्या निधनाचं साल कुठे १६८१ तर कुठे १६८२ असतं, ते का? (नांदेड)

उत्तर : एक नव्हेत. गुरू रामदास शिखांचे चौथे गुरू (१५३४–१५८१). त्यांचं आधीचं नाव जेठा. अमृतसर त्यांनी वसवलं. त्याचं जुनं नाव रामदासपूर. समर्थ जन्मले १६०८ मध्ये, म्हणजे गुरू रामदास गेल्यावर २७ वर्षांनी. समर्थांचं मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर.

गुरु ग्रंथसाहिबात तर नावाचा आणखी मोठा पेच आहे. ज्या गुरूंची वाणी त्यात आहे ते सगळेच पदाच्या शेवटी ‘नानक’ हेच नाव घालतात. पद कोणाचं हे कळतं ते वरच्या ओळीतल्या ‘महला’ या शब्दापुढच्या आकड्यावरून. महला १ म्हणजे स्वतः गुरू नानक, ४ म्हणजे रामदास, ५ म्हणजे अर्जनदेव, ९ म्हणजे तेगबहादुर. आपल्या गाथांना अशी आकडेवारी लाभली असती तर वरच्या प्रश्नाला इतकी जागा द्यावी लागली नसती.

आणि जांबच्या त्या एका घरातच दोन रामदास होते. समर्थांचे थोरले बंधू गंगाधर यांना ‘श्रेष्ठ’ म्हणत. ते ‘रामीरामदास’ या नावाने लिहीत. जुन्या बाडात ‘रामी’ ही दोन अक्षरं पुसट झाली की थोरल्याची रचना धाकट्याच्या नावावर जाते.

आता सालाचं. समर्थांचं निधन माघ वद्य नवमी, शके १६०३ चं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे आपण शाळेत पाठ केलेलं. त्याने १६८१ येतं. पण शकाचं वर्ष चैत्र पाडव्याला सुरू होतं आणि इसवी सन मध्येच जानेवारीत बदलतो. चैत्र ते कार्तिक एवढ्यापुरते ७८ मिळवायचे. माघ आणि फाल्गुनाला ७९. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतात, तिथे पंचांग बघितल्याशिवाय लिहू नये. म्हणजे माघ शके १६०३ चं बरोबर साल १६८२, तारीख २२ जानेवारी. जन्म चैत्र शुद्ध नवमीचा, शके १५३०. तिथे ७८ मिळवून १६०८ हेच बरोबर. ज्ञानेश्वरांची समाधी कार्तिकातली, शके १२१८. म्हणून १२९६ वर कोणाचा वाद होत नाही.

प्रश्न : नांदेडचं विद्यापीठ कबीरांचे गुरू रामानंद यांच्या नावाचं आहे का? (देगलूर)

उत्तर : नाही. ते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं आहे. हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते (१९०३–१९७२), मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक होते. घोळ होतो तो बातमीत आणि बोलण्यात ‘तीर्थ’ गाळल्यामुळे. ‘तीर्थ’ हे आडनाव नव्हे. संन्याशांच्या दशनामी परंपरेतल्या दहा नावांपैकी ते एक. गिरी, पुरी, भारती, सरस्वती ही त्यातलीच.

प्रश्न : लीलावती लिहिणारे भास्कराचार्य परभणी जिल्ह्यातल्या बोरीचे, असं एका भाषणात ऐकलं. खरं का? (जिंतूर)

उत्तर : वक्त्याने दोन माणसं एकत्र केली. बोरीचे ते भास्करभट्ट बोरीकर, महानुभाव पंथाचे कवी, ‘शिशुपाळवध’ लिहिणारे. लीलावतीचे भास्कराचार्य गणिती, आणि त्यांच्याआधी त्याच नावाचा आणखी एक गणिती होऊन गेला. तो पहिला भास्कर सातव्या शतकातला. आर्यभटाच्या ग्रंथावरची त्याची टीका इ.स. ६२९ ची. ‘पहिला’, ‘दुसरा’ हे आकडे अलीकडच्या अभ्यासकांनी लावले आहेत. त्यांच्या ग्रंथांत ते शोधू नका.

लीलावतीकारांनी मात्र स्वतःचं साल लिहून ठेवलं आहे, आणि ते वाचण्यात गंमत आहे. श्लोकात शब्द येतात ‘रसगुणपूर्णमही’. रस सहा, गुण तीन (सत्त्व, रज, तम), पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एक. डावीकडून लिहिले तर ६३०१ येतात आणि वाचणारा चक्रावतो. असे अंक उलटे मांडायचे असतात : १०३६. म्हणजे जन्म शके १०३६, इ.स. १११४. पुढच्याच ओळीत पुन्हा ‘रसगुण’ येतं, ते उलटून ३६. छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला, म्हणजे शके १०७२, इ.स. ११५०. नावावरून भांडण करण्याऐवजी ही एक ओळ पुढे केली की काम होतं.

याच घरातून दुसरा घोळ सुरू होतो, तो चांगदेवांचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथल्या शिलालेखात ते आहे. ज्ञानदेवांनी ज्यांना उद्देशून पासष्ट ओव्या लिहिल्या ते योगी चांगदेव वेगळे, तेराव्या शतकाच्या अखेरचे. ‘चांगा वटेश्वर’ ही त्यांची मुद्रा आणि पुणतांब्याला त्यांची समाधी. तिसरे चांगदेव राऊळ, म्हणजे महानुभाव ज्या पाच अवतारांना पंचकृष्ण म्हणतात त्यांतले चक्रपाणी, मूळचे फलटणचे. ज्योतिषी, योगी, राऊळ : नावाला हे एकेक विशेषण जोडून बोललात की घोळ संपला.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या टिपणात ‘मलिक अंबर निजामाचा वजीर’ असं आहे. मग तो हैदराबादच्या निजामाकडे होता का? (धाराशिव)

उत्तर : टिपण फाडून टाकू नका, पण ‘निजामाचा’ खोडून ‘निजामशाहीचा’ करा. अहमदनगरची निजामशाही १४९० ते १६३६. मलिक अंबर तिचा. त्याने १६१० मध्ये खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली, १६२६ मध्ये तो वारला. हैदराबादचे निजाम आसफजाही घराण्याचे, १७२४ ते १९४८. मध्ये ८८ वर्षांचं अंतर आहे.

दोन्हींच्या मुळाशी ‘निजाम-उल-मुल्क’ हा किताब आहे. अहमदनगरची निजामशाही स्थापणाऱ्या मलिक अहमदचा बाप बहमनी दरबारात हा किताब लावायचा. हैदराबादचा पहिला निजाम मीर कमरुद्दीन याला तो मुघलांकडून मिळाला. म्हणजे घराणं वेगळं, किताब एक. त्यात आपल्याकडची जुनी माणसं १९४८ च्या आधीच्या दिवसांनाही सर्रास ‘निजामशाही’ म्हणतात. घरात ते चालतं, उत्तरपत्रिकेत मार्क जातात. लक्षात ठेवायचं तर असं : नावाच्या शेवटी ‘निजामशहा’ असेल, जसं बुऱ्हाण निजामशहा, मूर्तझा निजामशहा, तर अहमदनगर. ‘आसफजाह’ असेल तर हैदराबाद. तुमच्या जिल्ह्याचं उस्मानाबाद हे आधीचं नाव सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खानाचं. निजामशाहीशी त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न : बीबी का मकबरा जिचा, ती रबिया दुर्राणी अब्दालीच्या घराण्यातली होती का? (वैजापूर)

उत्तर : नाही. ती औरंगजेबाची बेगम दिलरस बानो, १६५७ मध्ये वारली. ‘रबिया-उद-दौरानी’ हा तिचा किताब. अर्थ, आपल्या काळातली रबिया. मूळ रबिया म्हणजे बसऱ्याची आठव्या शतकातली सूफी संत. ‘दौरानी’ आला ‘दौर’ म्हणजे काळ यावरून. अब्दालीचा ‘दुर्राणी’ आला ‘दुर्र’ म्हणजे मोती यावरून, तोही १७४७ मध्ये. बोलताना दोन्ही शब्द सारखे होतात, एवढंच.

प्रश्न : यशवंतराव, शंकरराव, अशोक, पृथ्वीराज : चार चव्हाण मुख्यमंत्री झाले. सगळे एका घरचे? (भोकर)

उत्तर : शंकरराव आणि अशोक हे बाप-लेक. बाकी आडनाव तेवढं सारखं.

प्रश्न : गावच्या वाचनालयात कवी ‘बी’ आणि ‘बी. रघुनाथ’ यांची पुस्तकं एकाच खणात, एकाच कार्डावर नोंदली गेली आहेत. नोंद कशी दुरुस्त करावी? (सेलू)

उत्तर : ‘बी’ म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७), चाफ्याच्या कवितेचे. बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३–१९५३), परभणीचे कवी आणि कादंबरीकार. दोघांची कार्डं वेगळी करा. वरच्या ओळीत लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव, खाली मूळ नाव वडिलांच्या नावासकट, मग जन्म-मृत्यूची वर्षं, मग जन्मगाव. शिवाय ‘कुलकर्णी, भगवान रघुनाथ’ असं एक जादा कार्ड करून त्यावर ‘पाहा : बी. रघुनाथ’ एवढंच लिहा; आडनावाने शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परत जाणार नाही.

गाव लिहिताना तालुका घाला, जिल्हा कंसात ठेवा आणि तो आजचा की त्या वेळचा हे लिहा. बी. रघुनाथांचं जन्मगाव सातोना जुन्या पुस्तकांत परभणी जिल्ह्यात दिसेल. ते ज्या परतूर तालुक्यात आहे तो १९८१ मध्ये जालन्यात गेला. नामदेवांची नरसीही १९९९ पर्यंत परभणीतच होती, मग हिंगोली जिल्हा झाला. गावांचीही नावं सारखी असतात, हे वेगळंच : समर्थांचं जांब घनसावंगी तालुक्यातलं, पण मुखेड तालुक्यातही एक जांब आहे.