आधी कडेवरचं पोर उतरव

पोरी,
अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या अंबडमधल्या मजूर वस्तीतल्या पोरांसाठी तू मैदान मिळवलंस, शिट्टी-दोऱ्या आणल्यास आणि तिसऱ्या दिवशी चारच पोरं आली. ‘यांना खेळाची आवडच नाही,’ असं लिहिलं आहेस. ते वाक्य खोडून टाक.

संध्याकाळी पाचला तिथल्या नळावर जाऊन उभी राहा. नऊ-दहा वर्षांची एखादी पोर दिसेल, कडेवर धाकटा भाऊ, हातात पाण्याचा डबा. आईबाप कामावरून यायचेत. ती तुझ्या मैदानावर येणार कशी?

सातपूरला मीही हेच केलं. पत्रकं छापली, तीही मराठीत! बिहारहून आलेल्या बायकांनी त्यात चणे बांधले असतील. शेवटी एकीनेच विचारलं, ‘मास्टरजी, छोटू को भी बिठा लोगे?’ म्हटलं, बिठाएंगे. दुसऱ्या दिवशी चाळीच्या बोळातच सतरंजी टाकली. वर पाच लहानगी, राखणीला एक आजी, आणि त्यांच्या ताया लगोरीला मोकळ्या.

लगोरीला ती पोरं पिट्ठू म्हणतात. एकाचा बाप फरशी बसवणारा. त्याने उरलेल्या तुकड्यांच्या कडा ग्राइंडरने घासून सात चकत्या करून आणल्या, मोठी खाली, छोटी वर. आणि मग नियमावरून माझ्याशीच भांडला! त्याच्या गावचा नियम वेगळा होता. मी त्यालाच पंच केलं. त्यानंतर पोरांना बोलवायला मला कधी दारोदार फिरावं लागलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. दहा बाय दहाच्या खोलीत मोबाइल धरून बसलेल्या पोराला ती कुठून मिळणार? पण दिवसभर घमेली वाहिलेल्या बाईला व्यायामाचं महत्त्व सांगू नकोस, हसेल ती. तिला ओळखीची चार माणसं हवी असतात, आपली पोर कुणाच्या नजरेखाली आहे हे कळायला हवं असतं.

कविता राऊतची गोष्ट जरूर सांग. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची मुलगी, 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्यात कांस्य. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या पोरांना ती घरचीच वाटते. पण पदकाचं गाजर रोज नको. बहुतेकांना नुसतं धावायचं असतं.

आणि कायमचे संघ पाडू नकोस. साइट संपली की बिऱ्हाड हलतं, शिमग्याला गावी गेलेली पोरं परततील याचा नेम नाही. रोज येतील त्यांचे दोन गट कर, कबड्डीला तेवढं पुरतं. नव्या पोराला पहिल्याच दिवशी चढाईला पाठव. भाषा येत नसली तरी दम धरता येतो.

रविवारी मी येतो. सतरंजी माझ्याकडची आणीन. फरशीचे तुकडे मात्र तूच माग, तिथल्याच कुणाकडे तरी.

तुझे,
पीटीचे सर